वेळणवाडीची फुटकी तोफ

वेळणवाडीच्या खाडीमुखाशी, देवीच्या घुमटीसमोर एक तोफ आडवी पडली आहे. लांबीला जेमतेम दोन हात, पाठीकडून उकललेली. ती कुठल्या किल्ल्यावरची नाही. याच गावात, एका घराच्या अंगणात ती ओतली, असं इथली म्हातारी माणसं सांगतात.

जानू तांडेल तरुणपणी आरमारात गोलंदाज होता. पाय अधू झाला तसा गावी परतला. एका आश्विनात वादळाने किनारा दिसेनासा झाला आणि त्याचे दोन्ही मुलगे खाडीचं तोंड चुकून खडकावर आपटले. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. तेव्हापासून जानूने एकच ध्यास घेतला: डोळ्यांना दिसत नसेल, तर कानांना तरी किनारा कळावा. त्याने घरातले हंडे-कळशा मोडीत काढल्या. म्हातारा खुळावला असं म्हणणाऱ्या बायकांनीही मग आपापली भांडी आणून दिली. त्याची मुलगी येसू हिने लग्नातला तांब्याचा हंडा दिला. शेजारगावच्या ओताऱ्याने तोफ ओतली.

पुढच्याच वर्षी भर दुपारी आभाळ काळं झालं. होड्या बाहेर होत्या. जानू बार काढू लागला आणि आवाजाच्या रोखाने एकेक होडी खाडीत शिरू लागली. सगळ्या आल्या, येसूचा नवरा पोशा याची तेवढी राहिली.

जानूने तोफेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "फार तापलीय, पोरी. निवू दे जरा."

"तोवर समुद्र निवेल का, बा?" येसू म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला घुमटीमागे पाठवलं, तोफ पुन्हा भरली आणि बत्ती दिली.

तो आवाज आधीच्या सगळ्यांहून मोठा झाला म्हणे. त्याच आवाजावर पोशा आत आला. होडी लागली तेव्हा येसू काठावर नव्हती. बापाचं डोकं मांडीवर घेऊन ती घुमटीपाशी बसली होती.

तिला कुणी बोल लावला नाही. पोशाने नाही, गावानेही नाही. पण नवरा सुखरूप आला याचा आनंद तिला जन्मभर करता आला नाही. होड्या बाहेर असल्या की ती चूल पेटवत नसे. शेवटची होडी, मग ती कुणाची का असेना, लागली की मगच काठावरून उठायची. हळूहळू शेजारणीही तिच्यासोबत बसू लागल्या.

आता घरोघरी गॅस आला. तरी आजही वेळणवाडीत शेवटची होडी लागेपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक होत नाही. पोरं भुकेने कुरकुरतात. आया त्यांना कुशीत घेतात आणि हळूच सांगतात, "थांब रे बाळा, अजून एक यायची आहे."