काट मारलेला चेहरा

एका राज्यात नदी होती, पण नदीला पाणी नव्हतं. मायाकंटक मांत्रिकानं ते डोंगरात तीन दारांआड कोंडलं होतं. दारांवर अक्षरं नव्हती, चिन्हं होती. बाण म्हणजे ‘असेल तर’, काट म्हणजे ‘नाही’. जो ती चिन्हं साध्या बोलीत जशीच्या तशी सांगेल, त्याला दार वाट देई. चुकेल तो दगड होई.

आणि त्या राजघराण्याची रीत अशी, की ‘नाही’ हा शब्द अभद्र. तो कुणी ओठांवर आणत नसे.

तरुण राजा वीरभान पहिल्याच दारापाशी चुकला. त्याची थोरली बहीण इंदुलेखा पोचली, तेव्हा तो छातीपर्यंत दगड झाला होता.

दारावर काट मारलेलं तेल, बाण, काट मारलेला दिवा.

“काय म्हणालास?”

“तेल असेल तर दिवा असेल. शुभ तेच बोललो, ताई.”

“वेड्या! तेल असून घरात अंधार असतो.” तिनं दाराकडे पाहिलं. “तेल नसेल, तर दिवा नाही.”

दार उघडलं. आत दुसरं होतं. त्यावर माणूस, बाण, चिता. वर पिंगळा बसला होता.

“माणूस असेल, तर मरण असेल,” ती म्हणाली.

“मरण असेल तिथं माणूसच असेल?” पिंगळ्यानं विचारलं.

“तसं लिहिलेलं नाही. पाखरंही मरतात.”

पिंगळ्यानं मान पंखात घातली. दार उघडलं.

तिसऱ्या दारावर तुटलेली साखळी, बाण, आणि काट मारलेला तिचाच चेहरा.

“साखळी म्हणजे मांत्रिकाचा शाप, चेहरा म्हणजे ओळख,” पिंगळा पंखातूनच बोलला.

ती थबकली. मागून वीरभानाचा घोगरा आवाज आला. दगड गळ्याशी आला होता. “ताई, काय आहे गं? वाईट असेल तर गोड करून वाच!”

इंदुलेखेनं डोळे मिटले.

“शाप तुटला, तर माझी ओळख कुणालाच राहणार नाही.”

कातळ फाटला. पाणी गर्जत खाली गेलं. सुकल्या विहिरी भरल्या, दगड झालेली माणसं अंग झाडत उठली, आणि नगरात राजाच्या नावानं नगारा झडला.

वीरभान काठावर भिजत उभा होता. वरून एक बाई उतरताना त्याला दिसली. त्यानं अदबीनं वाट सोडली.

“दमलेल्या दिसता, बाई. कुठल्या गावच्या आपण? बसा, गूळपाणी मागवतो.”

ती बसली. गूळ तोंडात विरघळेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. मग उठली, आणि नदीच्या उलट दिशेनं चालू लागली.

नदी वाहिली, राज्य नांदलं. कहाणी इथंच थांबली.