कर्दमनाथाची पोतडी

एका राज्यात सोन्याचं एक वर्तुळ होतं, रुप्याचा एक त्रिकोण होता आणि तांब्याचा एक चौरस होता. राजवाड्याच्या तळघरात, मखमलीच्या बैठकीवर तिन्ही मांडलेली असत. त्यांच्याच बळावर राज्य उभं होतं. वर्तुळ होतं म्हणून चाकं फिरत, त्रिकोण होता म्हणून छपरं तग धरत, चौरस होता म्हणून विटेवर वीट बसे. हा खजिना राजाच्या खापरपणजोबाला कर्दमनाथ नावाच्या मांत्रिकानं दिला होता. देताना तो एवढंच म्हणाला होता, "लेकरांचे हात लागतील तोवर हे तुमचं. हात लागायचे थांबले, की माझं."

पण सोनं म्हटलं की माणसाला कुलूप सुचतं. खापरपणजोबा गेले, आणि तळघराला जाळी बसली. मग रीत पडली. मूल शिकण्याजोगं झालं की त्याला जाळीसमोर उभं करायचं. वडीलधाऱ्यानं मागून त्याचं मनगट धरायचं, हात हवेत फिरवायचा आणि कानात सांगायचं, "म्हण, वर्तुळ." मूल म्हणे, वर्तुळ. "म्हण, त्रिकोण." मूल म्हणे, त्रिकोण. की झालं, पेढे वाटायचे आणि घरी जायचं. या विधीला हातधरणी म्हणत. त्या मुलाला बाहेर विचारलं, वर्तुळ म्हणजे काय रे बाबा, तर ते सांगे, जाळीपलीकडचं. आणि आईबाप कौतुकानं हसत. डोक्यात काही शिरलं का, हे कुणी पाहायचं?

मग एके दिवशी सकाळी पहारेकऱ्यांनी दार उघडलं. जाळी जागेवर होती, कुलूप जागेवर होतं, आणि मखमलीवर चिखलाचे तीन गोळे होते.

त्या दिवसापासून राज्याचा आकार गेला. गाड्यांची चाकं ओल्या पिठासारखी बसली. छपरं कुशीवर कलली. तव्यावर टाकलेली भाकरी कडेनं ओघळू लागली. एवढं लोकांनी सोसलं असतं, पण मग लेकरांचे डोळे जायला लागले. बुबुळातला काळाभोर गोल कडेकडेनं विरघळे, पाण्यात काजळ पसरावं तसा, आणि दिसणं मंद होत जाई. राजकन्या इंदुलेखेचे डोळे सगळ्यांत आधी विरघळू लागले. ती राणी कुंतलेची एकुलती एक.

राजा अजितसेन म्हणाला, "मी सैन्य धाडतो."

"कुणावर धाडता, महाराज? चिखलावर?" राणी म्हणाली. ती तोंडाची फटकळ होती आणि त्या दिवशी तर तिला कुणी अडवूही शकलं नसतं.

तेवढ्यात खिडकीवर एक धनेश पक्षी येऊन बसला. चोच एवढी मोठी की आधी चोच आली आणि मग पक्षी आला, असं वाटावं.

"राणी," धनेश म्हणाला, "तुमच्या आकृती कर्दमनाथाच्या पोतडीत आहेत. तो निराकार खोऱ्यात बसला आहे. वाटेत एक अजगर आहे, एक राक्षसीण आहे, शेवटी तो स्वतः. तिघं तीन कामं सांगतील. कामं लेकरांनी करायची. मोठ्या माणसानं सांगितलं किंवा हात धरला, की केलेलं सगळं वितळणार. डोळे पुरते विझायच्या आत परत यायचं."

"येते की."

"तू गप्प बसणारी नाहीस. रिकाम्या हातानं येशील."

"पक्षिराज, चोच मोठी मिळाली म्हणून काहीही बोलू नये," राणी म्हणाली, आणि पदर खोचून उठली.

ज्या आयांनी सोडलं त्यांची लेकरं राणीबरोबर निघाली. इंदुलेखा राणीच्या बोटाला होती. पुढे चालत होती तांबटाची भिवरी. तिला अजून थोडं दिसत होतं, आणि बोलणं मात्र भरपूर होतं.

वाळूच्या माळावर अजगर आडवा पडला होता. त्याच्याजवळ पांढरं अंडं होतं.

"माझ्या अंड्याला चारी बाजूंनी सारखी ऊब लागते," अजगर म्हणाला. "त्याच्याभोवती रिंगण आखा, मी त्यावर वेटोळं घालीन. रेघ कुठे जवळ, कुठे लांब गेली तर अंडं गार पडेल. आणि मी उपाशी आहे, हे सांगून ठेवतो."

राणीनं काय करावं? तिनं इंदूचं मनगट धरलं आणि वाळूत सुरेख वर्तुळ काढलं. रेघ पुरी होते न होते तोच वाळूनं ती गिळली. राणीनं पुन्हा मनगट धरलं. पुन्हा वाळू सपाट.

"हे तुझं रिंगण, बाई," अजगर म्हणाला. "मला लेकरांचं हवं."

"सांगितलं होतं," धनेश वरून म्हणाला.

राणी दात आवळून बाजूला झाली. लेकरं अंड्याभोवती उभी राहिली, आणि लगेच भांडण लागलं.

"तू लांब आणि मी जवळ? मलाच गिळायचा बेत आहे का?" भिवरी म्हणाली.

"मग तू मागं सर."

"मागं सरले तर तू पुढे येशील. मी ओळखून आहे तुला."

कुणी पावलं टाकून अंतर मोजलं, पण एकाचं पाऊल मोठं, दुसऱ्याचं लहान. भांडण वाढलं. राणीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. तेवढ्यात इंदुलेखा म्हणाली, "आईसाहेब, तुमचा शेला द्या." तिनं शेल्याचं एक टोक अंड्यापाशी रोवलेल्या काठीला बांधलं आणि दुसरं भिवरीच्या हातात दिलं. "ताणून धर आणि चालत राहा. सैल सोडलास तर आत येशील. मग तुलाच गिळेल."

भिवरी शेला ताणून चालली, पायाची टाच वाळूत ओढत. जिथून निघाली तिथंच येऊन पोचली. मग प्रत्येकानं रेघेवर उभं राहून ताणलेल्या शेल्याचं टोक धरून पाहिलं, आणि सगळी अंड्यापासून सारखीच लांब निघाली. भांडायला काही उरलं नाही. अजगर रेघेवर वेटोळं घालून निजला आणि त्यानं वाट मोकळी केली.

पुढे डोंगराच्या अंगाला राक्षसीण बसली होती, आणि तिच्यासमोर बांबूंचा ढीग पडला होता.

"माझं खोपट पडतं," राक्षसीण म्हणाली. "मी शिंकले की पडतं. आणि मला पडसं कायमचं. न पडणारं खोपट बांधा, नाहीतर तुम्हालाच उशाला घेते."

"चार बांबू घ्या आणि," राणी बोलून गेली. पुढचं बोलण्याआधीच इंदूच्या हातातला बांबू शेवयांसारखा लोंबू लागला. धनेशानं नुसती चोच वाजवली. राणीनं पदराचा बोळा केला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. राक्षसिणीला फार हसू आलं. "असं माझ्या सासूला कुणी शिकवायला हवं होतं," ती म्हणाली.

लेकरं ओढ्याकाठी बसली. आधी लहान खोपट करून पाहू, असं त्यांचं ठरलं. काटक्या आणल्या, ओल्या मातीच्या गोळ्या वळल्या, आणि गोळ्यांत काटक्या खोचल्या. चार काटक्यांची चौकट झाली. इंदूनं कोपऱ्याला बोटानं ढकललं. चौकट एका अंगावर आडवी झाली. घट्ट माती लावली, तरी आडवी झाली. आणखी काटक्या जोडून पाच कोपरे केले, ती तर ढकलायच्या आधीच लोळली.

"कमी करून बघू," इंदू म्हणाली.

तीन काटक्या, तीन गोळ्या. तिनं ढकललं. हललं नाही. भिवरीनं ढकललं. हललं नाही. मग भिवरी त्यावर बसली. काटकी कडकन मोडली, पण मोडेपर्यंत जागची सरकली नव्हती.

"मोडतं, पण वाकत नाही," भिवरी उठत म्हणाली. "आमच्या आत्यासारखं."

मग काटकीच्या जागी बांबू आला आणि मातीच्या जागी वेलींची गाठ. तीन तीन बांबूंचे त्रिकोण एकमेकांना टेकवून लेकरांनी खोपट उभं केलं. राक्षसीण आत शिरली, तिनं नाक चोळलं आणि ती शिंकली. डोंगरावरची पानं उडाली, राणीच्या तोंडातला पदर उडाला, धनेश तीन झाडं पलीकडे जाऊन पडला. खोपट जिथल्या तिथं होतं. राक्षसिणीनं लेकरांच्या डोक्यावरून एकेक बोट फिरवलं आणि खोऱ्याची वाट दाखवली.

वाट उतरता उतरता इंदू थांबली. "आई," ती म्हणाली. एरवी ती आईसाहेब म्हणे. "तुझा चेहरा आता नुसता उजेडाचा डाग आहे."

राणीनं तिला उचललं आणि पावलं झपझप टाकली.

निराकार खोऱ्यात कशालाच कड नव्हती. जमीन आणि आभाळ एकमेकांत मिसळलेलं, झाडं धुरासारखी. मधोमध कर्दमनाथ बसला होता. त्याचा चेहरा सारखा ओघळत होता. नाक खाली आलं की तो ते हातानं वर सारी. मांडीवर पोतडी होती.

"या राणीसाहेब," तो गोड आवाजात म्हणाला. "माझ्या पोतडीत पुष्कळ तुकडे आहेत. तुमचे तीन त्यातच आहेत. राजकन्येनं हात घालून एकेक काढावा. एकही चुकला तर इथल्या सगळ्या लेकरांचे डोळे माझे. आणि तुम्ही एक शब्द बोललात, खूण केलीत, शिवलात, तरी माझेच."

राणी जमिनीवर बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

इंदुलेखेनं पोतडीत हात घातला. अंड्यासारखे तुकडे होते, पानासारखे होते, चंद्रकोरीसारखे होते. ती एकेकाच्या कडेवरून अंगठा फिरवी आणि सोडून देई. मग एकावर अंगठा फिरतच राहिला.

"याच्या कडेवर अंगठा कुठे अडत नाही," ती म्हणाली, "कुठे जास्त वळत नाही, कुठे कमी वळत नाही. हे आमचं वर्तुळ." तिनं हात बाहेर काढला. सोनं लखलखलं.

पुन्हा हात आत गेला. टोकं मोजत ती म्हणाली, "तीन टोकं. तिन्ही बाजू सरळ, एकीलाही पोट सुटलेलं नाही. हा आमचा त्रिकोण." रुपं चमकलं. कर्दमनाथाचं नाक हनुवटीपर्यंत आलं, ते सावरायचं त्याला सुचलं नाही.

तिसऱ्यांदा इंदूची बोटं तांब्यावर थांबली. तिनं तो तुकडा काढला मात्र, कर्दमनाथानं तो झटकन आपल्या हातात घेतला आणि टोकावर उभा धरला, वर एक टोक, खाली एक टोक.

"नीट विचार कर, पोरी," तो म्हणाला. "ज्यांना दिसतं त्यांना विचार."

भिवरीनं डोळे किलकिले केले. "इंदे, हा शंकरपाळा आहे गं."

राणीनं पाहिलं. शंकरपाळाच होता तो. दर सणाला तिनं स्वतः पाटच्या पाट कापले होते, ती काय ओळखणार नाही? पोरगी चुकली होती. एक शब्द, एक खोकला, की पोरगी सावध होईल. तिचे हात मांडीखालून सुटायला धडपडत होते. आणि तिला आठवलं, वाळूनं दोनदा गिळलेली रेघ तिच्या हातची होती. राणीनं डोळे मिटून घेतले. एवढं कठीण काम तिनं जन्मात केलं नव्हतं.

"मला हातात द्या," इंदुलेखा म्हणाली.

"मांत्रिक आहे मी, खेळणीवाला नव्हे."

"हात घालायचा ही अट तुमचीच आहे."

कर्दमनाथाला द्यावं लागलं. इंदूनं चारही टोकं एकामागून एक तळहाताच्या मऊ भागावर टेकवून पाहिली. मग चारही बाजूंवर वीत ठेवून पाहिली.

"शंकरपाळ्याची दोन टोकं टोचतात आणि दोन बोथट असतात," ती म्हणाली. "याची चारही एकसारखी आहेत. बाजूही सारख्या. तुम्ही याला टोकावर उभा केलात, एवढंच. भिवरीनं मान वाकडी केली म्हणून ती काय दुसरी मुलगी होते? हा आमचा चौरस."

आणि तिनं तो जमिनीवर, बाजूवर नीट बसवला.

खोऱ्याला कड आली. आधी डोंगर आभाळापासून सुटा झाला, मग झाडं धुरातून बाहेर आली, मग पानांना पानाचा आकार आला. कर्दमनाथ ओरडला नाही, रडला नाही. तो ओघळत ओघळत मातीत जिरला आणि त्या जागी ओली चिकणमाती उरली. लेकरांच्या डोळ्यांत काळे गोल परत काठोकाठ भरले.

इंदुलेखेनं वर पाहिलं. "आई, तू रडते आहेस."

"मला तो शंकरपाळाच वाटला होता," राणी म्हणाली.

"तुला दिसत होता ना," इंदू म्हणाली, "म्हणून."

लेकरं नगरात शिरली तेव्हा चाकं कुरकुरत फिरू लागली होती, छपरं अंग झटकून ताठ झाली होती. घराघरांतून आया धावत आल्या आणि डोळ्यांत पाहून पोरांना उराशी धरू लागल्या. नगारे वाजले. राजानं आनंदानं लोहाराला बोलावणं धाडलं, मोठं कुलूप करायला. राणीनं लोहाराला वेशीवरूनच परत पाठवलं.

त्या दिवसापासून हातधरणी बंद झाली. तळघराची जाळी मोडून तिच्या काटक्या झाल्या. वाड्याच्या अंगणात वाळू आली, ओढ्याकाठची माती आली, दोऱ्या आल्या, आणि त्यांच्यामध्ये सोनं, रुपं, तांबं उघडं पडलं. लेकरं सोन्याचं वर्तुळ उतारावरून गडगडवत, रुप्याचा त्रिकोण वाळूत उमटवत, तांब्याचा चौरस पाठीमागे लपवून ओळख बघू म्हणत. सोन्याला पोचे आले. कोषाध्यक्षाला घेरी आली. त्याला पाणी पाजलं गेलं आणि खेळ चालू राहिला.

एकदा राजा अजितसेन अंगणात आला. एक इवलं पोर विटेवर वीट चढवत होतं आणि ती सारखी पडत होती. राजानं मायेनं वाकून त्याच्या मनगटाकडे हात नेला.

"महाराज," सज्ज्यातून राणी म्हणाली, "हात मागं."

राजानं हात मागं बांधले. वीट पुन्हा पडली. पोरानं ती उचलली, उलटी करून पाहिली, रुंद बाजू खाली घेतली आणि बसवली. ती बसली. त्यानं वर पाहिलं आणि राजाला म्हटलं, "तुम्हाला येतं का?"

राजा जमिनीवर बसला.

त्या राज्याची चाकं फिरत राहिली, छपरं उभी राहिली, लेकरांच्या डोळ्यांत गोल शाबूत राहिले. कथा इथं पुरी झाली. ज्यांच्या घरी लेकरू आहे त्यांनी आधी आपले हात मागं घ्यावेत, आणि मग उठावं.