नऊशे दगडी गाई आणि कडवळाचे रान

एका राज्यात नऊशे गाई दगडाच्या होत्या. गाई राजा मेघांकाच्या, आणि चूकही त्याचीच. त्याने त्यांच्यासाठी कडवळाचे, म्हणजे वैरणीच्या ज्वारीचे, रान पेरले, ते चांगलेच केले. पण गाई आत सोडल्या आणि सांज होईतो त्यांना बाहेर काढायचे कोणाला सुचले नाही. त्यांनी रान मुळापर्यंत कुरतडले. आता, त्या रानाखाली त्रिजट जादूगार राहत असे आणि ते कडवळ म्हणजे त्याच्या घराचे छप्पर. छप्पर गेलेले पाहून तो संतापला आणि शाप देऊन मोकळा झाला. गाई उभ्या जागी दगड झाल्या. राज्यातल्या लेकरांचे दूध तुटले.

रान पुन्हा कंबरेएवढे वाढले, पण त्यात गाय घालायची कोणाची छाती होईना. राज्यात गाय उरली होती एकच, राही गवळणीची पिंगळी. तिचे वासरू चार दिवसांचे होते. बाहेर गवताची काडी नव्हती आणि पिंगळीचा पान्हा आटत चालला होता.

एके सकाळी एक गायबगळा पिंगळीच्या पाठीवर बसला आणि म्हणाला,

"राही, तीन दिवस हिला रानात चार. रोज भूक उरलेली असतानाच माघारी बोलाव. दोर नको, काठी नको. वीतभर बुडखे राखून ती तिन्ही दिवस परतली, तर शाप सुटेल."

"आणि न परतली तर?"

"तर नऊशे एक."

पण वासरू डोळ्यांदेखत वाळत होते, राही करते काय?

पहिल्या दिवशी तिने आपल्या झोपडीवरचा पेंढा उपसून पिंगळीला घातला, मग रानात सोडले. हाक मारताच पिंगळी परतली.

दुसऱ्या दिवशी खुद्द राजा कुंपणापाशी आला. "राही, चार घास आणखी खाऊ दे. बिचारी भुकेली आहे."

"महाराज, याच दयेने आपल्या गाई गेल्या."

राजा कुंपणापासून मागे सरला. राहीने हाक मारली, पिंगळी परतली.

तिसऱ्या दिवशी घात झाला. पहिल्या दिवशी चरलेल्या पट्ट्यात कोवळे फुटवे आले होते. पिंगळीने त्यांत तोंड घातले. राहीने हाक मारली. पिंगळीने कान हलवला, मान काही वर केली नाही. तिचा पुढचा एक खूर करडा पडला, मग दुसरा.

धावत जाऊन तिच्या गळ्याला मिठी मारावी, असे राहीला झाले. पण ओढून आणणे म्हणजे दोरच की! तिने डोळे पुसले, पाठ फिरवली आणि रोज घरी जाताना चालते तशी ती चालू लागली. मागे वळून पाहिले नाही.

दहा पावले झाली. वीस झाली. मागे काही वाजेना.

मग तिच्या पाठीला ओले नाक लागले.

राही तिथेच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. रानातून त्रिजटाने डोके वर काढले. बुडखे वीत लावून मोजले आणि राजाकडे पाहून म्हणाला, "माझे छप्पर राखणारे माणूस तुझ्या राज्यात निघाले एकदाचे."

तो खाली गेला, आणि नऊशे गाईंनी एकदम श्वास सोडला. गावोगावी लोक चरव्या घेऊन धावत सुटले. राजाने त्या रानाचा हुकूम राहीच्या हाती दिला. ती म्हणेल तेव्हा गाई आत जात, ती वळली की बाहेर येत.

त्या सांजेला मात्र, थोडे दूध काढून ठेव म्हणणाऱ्या कोणाचेच राहीने ऐकले नाही. पिंगळीच्या चारही सडांचे दूध तिने वासराला सोडले. ते ढुशा देऊन देऊन प्यायले, आणि पोट भरल्यावर आईच्या पायांशीच झोपी गेले.