ट्रेवरची चिठ्ठी

"...पण ती नाही का म्हणते? आत सगळा काढाच आहे ना!"

मठाच्या ओसरीवर लॅपटॉप मांडून बसलेला इंद्रनील सकाळपासून जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेला शिव्या घालत होता. कॉलेजात कायम पहिला आलेला. नकार ऐकायची सवयच नव्हती बिचाऱ्याला.

शेजारी अच्युतबुवा वाती वळत होते. मठात येण्याआधी त्यांचं निम्मं आयुष्य प्रोग्रामिंगमध्ये गेलं होतं.

"काय केलंस?"

"हा ऑब्जेक्टचा अ‍ॅरे, नोंदींची एक रांग. म्हणजे यात काहीही ठेवता येतं. पण मी फक्त काढ्याच्या नोंदी भरल्यात. आता त्यालाच काढ्याचा अ‍ॅरे म्हणायचंय. एका ओळीचं काम! कंपाइल होतं, एकही चूक दाखवत नाही, आणि चालवलं की कोसळतं."

"काढ्याचा नवा अ‍ॅरे कर. जुन्यातली एकेक नोंद तपासून त्यात ठेव."

"तपासायचं काय त्यात? मीच भरल्यात. नुसतं नाव बदललं तर बिघडलं कुठं?"



उद्या मठात खोकल्याचं शिबिर होतं. आसपासच्या वाड्यांतली म्हातारीकोतारी येणार होती, आणि कुणाला कुठली बाटली द्यायची हे हाच प्रोग्राम सांगणार होता.

बुवांनी कोपऱ्यातल्या ट्रेकडे बोट केलं. ट्रेमध्ये तपकिरी बाटल्या होत्या, वर चिठ्ठी होती: सामान.

"त्या कुणी भरल्या?"

"मीच, सकाळी. सगळ्यांत काढा आहे."

"मग बदल चिठ्ठी."

इंद्रनीलला हसू आलं. त्याने जुनी चिठ्ठी टरकावली, नव्या कागदावर 'काढा' लिहिलं आणि तो चिकटवून टाकला.

"झालं! इतकं सोपं असतं, बुवा."

"मला जरा खोकला झालाय. यातली कुठलीही घेऊ?"

"खुशाल घ्या. जबाबदारी माझी."

बुवांनी ट्रेतली एक बाटली उचलली, बूच काढलं आणि ओठांशी नेली...

तेवढ्यात वास आला. टर्पेंटाइनचा!

"बुवा!"

इंद्रनील किंचाळत उठला आणि त्याने बुवांच्या हातावर जोरात फटका मारला. बाटली फरशीवर पडून फुटली. लॅपटॉपही पालथा झाला, पण तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"पोटात गेलं? सांगा ना... गेलं का पोटात?"

"नाही."

तो मटकन खाली बसला.

"ही... ही कुणी ठेवली इथं?"

"मठ रंगवायला आलाय ना, त्या रंगाऱ्याने. दुपारी. मठातलीच रिकामी बाटली घेतली होती त्याने. ट्रेवर 'सामान' लिहिलेलं होतं, ठेवली. त्याचं काय चुकलं?"

"पण सकाळी मी स्वतः..."

उद्या रांगेत बसणारी म्हातारी माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली.

मग त्याचं लक्ष बुवांच्या मनगटाकडे गेलं. ते लाल झालं होतं.

"बुवा... मी तुमच्यावर हात उचलला. मला माफ करा."

"माफी कसली? बरोबरच केलंस."

बुवांनी मनगट चोळलं.

"मग तेच केलं म्हणून सकाळपासून जावाला कशाला शिव्या घालतोयस?"