खांडीतली हाक

आषाढ अमावास्येच्या दुपारी बांधावरून हाक आली तरी ओ द्यायची नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. आमच्या खारकोनी गावात पोरं बोलायला लागली की त्यांना हे शिकवतात. मी बोलायला लवकर लागले आणि विचारायलाही, त्यामुळे पाठीत धपाटे बरेच खाल्ले.

आमच्या गावाला देऊळ आहे, पण गाभाऱ्यात देवी नाही. रिकाम्या चौथऱ्यावर रोज हळदकुंकू वाहतात. देवी उभी आहे शेतांपलीकडे, खाडीच्या बांधात, कमरेपर्यंत मातीत रुतलेली. तिचं तोंड खाडीकडे आहे. आम्ही तिच्या पाठीला नमस्कार करतो. तोंड बघायचं तर बांध उतरून तिवरांच्या झाडीतल्या चिखलात शिरावं लागतं, आणि आजवर कुणी ते बघितल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या वर्षी कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी हे बघायला आल्या, आणि दिवस नेमका अमावास्येचा. सकाळी त्यांना बांधावर नेलं तेव्हा देवीच्या शेजारी, आमच्या शेताच्या बाजूला, खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं. आईची लावणी नुकतीच झाली होती. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन कित्येक वर्षं भाताला मुकते. मी धावत देवळाकडे आले. पायरीवर पांडूआजा बसला होता. माझ्या आजोबांचा हा थोरला भाऊ. गावात त्याचा शब्द शेवटचा. झिरपणाऱ्या पाण्याचं मी त्याला सांगितलं.

"आज बांधावर कोन जात नाय," तो म्हणाला. "देवी हाय ना तिथं. उद्या बघू."

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात मैत्रिणी मागून आल्या. रिकामा गाभारा बघून एकीने विचारलं, "म्हणजे देवी रुसून गेली?"

"रुसली असती तं समजूत काढली असती," पांडूआजा म्हणाला. "ती कामाला गेलीय."

मग त्याने पाहुण्यांना सांगतात ती कथा सांगितली. माझ्या शब्दांत ती अशी.

फार पूर्वी गावात पोशी नावाची बाई होती. तिचा नवरा आणि मुलगा खाडीत मासे धरायला गेले ते परतले नाहीत. पोशीने घराला कडी घातली आणि ती देवळात येऊन राहिली. देवीच्या पायांवर कपाळ टेकून मागायची, मला विसर पाड. प्रसादाचं खायची, तिथेच निजायची. गाव म्हणायचा, केवढी भक्ती. देवी मात्र काही बोलेना.

असं सांगतात की एका दुपारी डोळा लागला असताना तिला आवाज आला. "विसर देते. पण मग पोराचा चेहराही जाईल. पायाशी बसून राहिलीस तर झोप देईन. चिखलात उतरलीस तर मी भेटेन."

पोशी उठली आणि टोपली घेऊन बांधावर गेली. ज्या खाडीने तिची माणसं नेली, तिच्याच काठावर ती माती टाकू लागली. सुरुवातीला म्हणे प्रत्येक टोपलीबरोबर ती देवीला शिव्या द्यायची. मिठाने हात फाटले. पावसाळे गेले. शिव्या कधी थांबल्या हे तिलाही कळलं नाही. दुःख काही कमी झालं नाही. ती मात्र त्याच्याहून मोठी होत गेली. दुसऱ्याचं पोर पाण्यात घसरलं तर आधी तीच उडी टाकायची. लोक आपली रडगाणी घेऊन तिच्याकडे जायला लागले. ती समजूत काढत नसे. ऐकून घ्यायची आणि हातात टोपली द्यायची. मग पुष्कळजण पुन्हा फिरकत नसत.

पुढे एका आषाढ अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि बांधाला भगदाड पडलं. आम्ही त्याला खांड म्हणतो. अख्खा गाव देवळात शिरला, दारं लावली, देवीला आळवू लागला. बाहेरून हाक आली, "माती आना गो, माती." कुणी म्हणालं, ही पोशी. कुणी म्हणालं, पोशी कसली, तिच्या आवाजात खाडीतलं भूत बोलतंय. दुसरं मानणं सोपं होतं. हाक ऐकू येऊ नये म्हणून लोकांनी ढोल बडवले.

ओहोटीला दारं उघडली तेव्हा शेतं कोरडी होती. गाभारा रिकामा होता. चौथऱ्यापासून बंद दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. खांडीत, जिथे पाणी शिरायला हवं होतं तिथे, काळा दगड उभा होता, मातीत रुतलेला. पोशी सापडली नाही. तो दगड देवी की पोशी, हे तोंड बघितल्याशिवाय कळायचं नाही.

"आजही त्या दुपारी हाक येते," पांडूआजाने शेवट केला. "जो ओ देईल त्याला ती खांडीत पुरून घेते. म्हनून ढोल."

भरतीची वेळ झाली. गाव देवळात जमला, दारं लागली, ढोल-झांजा सुरू झाल्या. एवढ्या गजरात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी एका मैत्रिणीने माझं मनगट घट्ट धरलं. बाईचा आवाज होता. दमलेला, पण रागावलेला नव्हे. माती आना गो, माती.

मी कोपऱ्यातलं घमेलं उचललं.

"हर्षाली, खाली बस," पांडूआजा ओरडला. "नाव घे देवीचं. ती सांभाळील."

"सांभाळायचं असतं तर ती इथेच बसली असती, आजा."

"शिकलीस म्हनून अक्कल शिकवतेस?"

"शिकले म्हणून नाही. आत्ता तूच सांगितलंस ना? तिने माती मागितली आणि आपण ढोल वाजवले. दर वर्षी तेच करतोय."

"ओ देशील तं पुरून घेईल ती तुला."

"घेऊ दे. आईचं शेत वाचव, असं मी इथे बसून मागणार नाही. मला तिचं तोंड बघायचंय."

मी कडी काढली. वारा आत आला आणि खारट वास. मी मोठ्याने ओ दिली.

ढोलावरचे हात जागीच राहिले. घमेलं कमरेला लावून मी बांधाकडे निघाले.