चढावरचा ठसका

घैसाससाहेबांना दोन गोष्टी अजिबात खपत नसत: जेवणात मिरची कमी आणि बोलण्यात विरोध. साताऱ्याजवळच्या त्यांच्या कारखान्यात विजेवरची नवी बस तयार होत होती. चढ लागला की बस एकदम जास्त वीज मागे आणि ती देता देता बॅटरीचा जीव जाई. म्हणून केतकी ढोबळे या इंजिनिअरबाईंनी बॅटरीशेजारी कपॅसिटर सुचवला. त्यात वीज थोडीच मावते, पण झटक्यात भरते आणि झटक्यात मिळते.

साहेबांनी त्यांच्या सूचनेच्या कागदावर फुली मारली. "एवढी मोठी बॅटरी असताना हे पिल्लू कशाला? साठवायला एकच वस्तू पुरे! पटवायचंच असेल तर आकडे न दाखवता पटवा. जेवण होईपर्यंत मुदत."

केतकीबाई कँटीनमध्ये गेल्या आणि त्यांनी टेबलावरचे सगळे ग्लास उचलून ठेवले.

जेवताना साहेबांनी ठेच्याचा मोठा घास घेतला आणि त्यांना जोरदार ठसका लागला. "पाणी! पाणी!"

बाईंनी वीस लिटरचा जार त्यांच्यापुढे आणून ठेवला.

"अहो, ग्लास कुठाय?"

"एवढा मोठा जार असताना ग्लास कशाला, साहेब? साठवायला एकच वस्तू पुरे, असं आपणच म्हणालात. चढावर बसलाही असाच ठसका लागतो."

मग त्यांनी पर्समधला ग्लास काढला आणि भरून पुढे केला. साहेबांनी तो एका दमात रिकामा केला, डोळे पुसले आणि फुली मारलेला कागद मागवला.

"ढोबळेबाई," ते घसा खाकरत म्हणाले, "एका बसला असे किती ग्लास लागतील?"