पोटात घुमणारा पियानो

खेळणी चावीवर चालायची तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या एका दुकानात खेळण्यातले दोन पियानो शेजारीशेजारी बसले होते. एक पत्र्याचा, लालभडक. चावी दिली की आपोआप गाणी वाजवायचा. दुसरा फणसाच्या लाकडाचा. त्याची पट्टी दाबून सोडली, तरी पोट घुमतच राहायचं.

"गाणाऱ्याचं पोट घुमत नसतं, बाबा," पत्र्याचा म्हणायचा. "तुला कोण नेणार?"

लाकडी पियानोला ते खरंच वाटायचं.

एके दिवशी सुगंधा दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन आली. दुकानदार विसूशेटनी पत्र्याच्या पियानोला चावी दिली. तो जीव तोडून गायला. पोरगी मात्र दाराबाहेरची शेळी बघत राहिली. वळलीसुद्धा नाही.

"तिला ऐकू येत नाही हो," सुगंधा म्हणाली.

"मग पियानो कशाला, बाई? बाहुली न्या."

"घरी मी दळायला बसले की ही जात्याला तळहात लावून बसते," असं म्हणत सुगंधाने लेकीचा हात लाकडी पियानोवर ठेवला आणि पट्टी दाबली.

पोट घुमलं. पोरगी दचकली. मग तिने वाकून त्या लाकडावर गाल टेकवला आणि तशीच राहिली.

"हाच द्या."

शेट बांधायला सुतळी शोधू लागले, तेव्हा पत्र्याच्या पियानोने हळूच विचारलं, "मी एवढा गायलो. तू असं काय केलंस?"

"काहीच नाही," लाकडी पियानो म्हणाला. "सूर थांबला की सगळे हात काढून घेतात. तिने काढला नाही."